धरण उशाला, कोरड घशाला
(टंचाई, महापूर आणि सरकारची जबाबदारी)



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या. आता चावडीवर एकच विषय : पाणी. विहिरीला किती उरलं, पाळी कधी येणार, वळीव पडणार का. या दिवसांत गटसभेला गेलो की सभासद एक प्रश्न हमखास विचारतात : "पाणी आटलं तर सरकार काय करतं, आणि पूर आला तर सरकार कुठं असतं?"

प्रश्न रास्त आहे. पण त्यावर चर्चा सुरू झाली की दोनच टोकं ऐकू येतात. एक म्हणतो, "सगळं सरकारनंच बघायचं." दुसरा म्हणतो, "सरकार काही करत नाही, आपलं आपण बघा." आमच्या मते दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. सरकारवर कोणती जबाबदारी आहे, ती कोणत्या अधिकाऱ्यावर आहे आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात सुरू होते, हे लिहून ठेवलेलं आहे. ज्याला ते माहीत आहे त्याला ते वेळेवर मागता येतं. ज्याला माहीत नाही तो संकट आल्यावर कचेरीत हेलपाटे घालतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे, आणि उदाहरणाला घाटाखालचा रत्नागिरी जिल्हा घेतला आहे.

रत्नागिरीच का?

कऱ्हाडवरून पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरला की पोफळी, शिरगाव, अलोरे अशी गावं लागतात आणि मग चिपळूण. तिथं भात, आंबा आणि काजू. ऊस नावालाच. तरी त्यांचं आणि आपलं पाणी एकाच ठिकाणचं आहे. कोयना धरणात सुमारे १०५ टी.एम.सी. पाणी मावतं. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने त्यातलं वर्षाला ६७.५ टी.एम.सी. पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिली. हे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात जातं, तिथून कोळकेवाडी धरणात येतं, पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठी नदीत सुटतं. याला कोयनेचं अवजल म्हणतात. त्याच्यामुळे वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहती असते आणि चिपळूणवरून खाडीला, समुद्राला मिळते.

आता दुसरी बाजू बघा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडच्या माण-खटावात पाचशे मिलिमीटरचीही खात्री नसते. असं असून खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा या तालुक्यांतल्या उंचावरच्या वाड्यांना आणि धनगरवाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते. वाडी पंचवीस-तीस घरांची. रस्ता धड नसला तर टँकर खालीच थांबतो आणि आयाबहिणी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच.

याचं कारण जमिनीत आहे. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी वरून मुरतं आणि कडेच्या झऱ्यांनी निघून जातं. सह्याद्रीचा कडा ते समुद्र हे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरचं, नद्या आखूड, उतार मोठा. पाणी थांबायला जागाच नाही. त्यामुळे पावसाळ्यात तीच नदी गावात शिरते आणि होळीनंतर डोंगरावरचे झरे आटतात. महापूर आणि टंचाई एकाच तालुक्यात, एकाच वर्षात. म्हणूनच सरकारी तयारी कुठे चालते आणि कुठे अडते हे समजायला रत्नागिरीएवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

कायदा काय म्हणतो

दुष्काळात सरकारने काय करायचं याचे लेखी नियम इंग्रजांच्या काळापासून आहेत. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर दुष्काळ आयोग बसला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. १९७२ च्या दुष्काळाने आपल्या राज्याला रोजगार हमी दिली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून आपत्तीचे आराखडे आणि नियंत्रण कक्ष यांचं काम सुरू झालं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, २००५ च्या जुलैत मुंबई आणि कोकण पाण्याखाली गेलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला.

या कायद्यातल्या चार गोष्टी सभासदांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली : प्रत्येक जिल्ह्याला एक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. म्हणजे "हे काम कुणाचं" याला जिल्ह्यापुरतं एक उत्तर आहे.

दुसरी : जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करायचा आणि दरवर्षी तो तपासून नवा करायचा. कोणतं गाव पुरात येतं, कोणती वाडी तुटते, निवारा कुठल्या शाळेत, पाणी कुठून, होडी कुणाकडे, हे सगळं त्यात पाहिजे.

तिसरी : आपत्ती आली की निवारा, अन्न, पिण्याचं पाणी आणि औषधोपचार यांची सोय जिल्हा प्राधिकरणाने करायची आहे. निवारा केंद्रातल्या माणसाला किमान किती मिळालं पाहिजे याची मानकंही राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवून दिली आहेत. नुसतं पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान ३ लिटर.

चौथी : गरज पडल्यास सरकार खाजगी वाहनं आणि साधनं ताब्यात घेऊ शकतं, आणि त्याचा मोबदला द्यायचा आहे. ट्रॅक्टर, टँकर, मोटारी असणाऱ्या आपल्या सभासदांचा या कलमाशी थेट संबंध येतो.

पूर म्हणजे आपत्ती, पण दुष्काळाचं काय, असं काहीजण विचारतात. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या खटल्यात निकाल दिला. दुष्काळ हीसुद्धा या कायद्याखालची आपत्ती आहे आणि तिची तयारी आधीपासून करणं सरकारला बंधनकारक आहे, असा त्याचा अर्थ.

टंचाईचा आराखडा : ऑक्टोबर ते जून

पिण्याच्या पाण्याच्या टंचाईची राज्यात वेगळी पद्धत आहे. दरवर्षी टंचाई आराखडा होतो. त्याचे तीन टप्पे : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कोणत्या गावाला, कोणत्या वाडीला, कोणत्या टप्प्यात काय लागेल हे आधी लिहायचं असतं. उपायही ठरलेले आहेत : विहिरीतला गाळ काढणं आणि ती खोल करणं, बुडक्या घेणं, हातपंपाची आणि नळयोजनेची खास दुरुस्ती, नवी विंधन विहीर, तात्पुरती पूरक नळयोजना, अर्धवट योजना लवकर पुरी करणं, खाजगी विहीर अधिग्रहित करणं, आणि टँकर किंवा बैलगाडीने पाणी. टँकरच्या गावाला माणशी दिवसाला २० लिटर हे माप धरलं जातं.

यादी नीट बघितली तर एक गोष्ट ध्यानात येते. टँकर हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीचे उपाय स्वस्त आहेत, पण ते वेळेवर झाले पाहिजेत. गाळ मार्चमध्ये काढला तर एप्रिलला पाणी मिळेल. मे महिन्यात मंजुरी आली तर तोवर टँकर सुरू झालेला असतो आणि विहीर तशीच राहते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. रत्नागिरीतल्या कितीतरी वाड्या वर्षानुवर्षं टंचाईच्या यादीत येत राहतात, त्याचं एक कारण हे आहे. टँकर तहान भागवतो, पण गावाला यादीतून बाहेर काढत नाही.

मागणीची वाट अशी : ग्रामपंचायतीचा ठराव, तो पंचायत समितीकडे, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची पाहणी, आणि मग वरची मंजुरी. यातला पहिला कागद आपल्या हातातला आहे. गावाचा ठरावच गेला नाही तर साहेब पाहणीला येणार कशाला?

पुरात पाणी मिळत नाही

आता पावसाळ्याकडे येऊ. २२ जुलै २०२१. सह्याद्रीच्या माथ्यावर अतोनात पाऊस. महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं. बाजारपेठ, एस.टी. स्टँड, घरांचे तळमजले बुडाले. माणसं माळ्यांवर आणि छपरांवर बसून राहिली. रस्ते बंद झाल्याने बाहेरून निघालेल्या बचाव पथकांना पोचायला वेळ लागला. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे खुर्द इथं दरड कोसळून माणसं गेली.

पाणी ओसरल्यावर पहिली ओरड झाली ती पिण्याच्या पाण्याची. चहूकडे पाणी, पण प्यायला नाही. हे चिपळूणलाच झालं असं नाही. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि भर महापुरात शहराला टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं. पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या आपल्या सभासदांनी हे डोळ्यांनी बघितलं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे पुराचा प्रश्न नव्हता. विजेचे खांब पडले, पंप थांबले आणि नळ कोरडे झाले. कारण वेगळं, परिणाम तोच.

म्हणजे पुराच्या तयारीत पाण्याचीही तयारी धरली पाहिजे. जॅकवेलची मोटार पूररेषेच्या वर आहे का? जनरेटर आहे का, त्याला डिझेल आहे का? टँकर भरायची उंचावरची विहीर ठरली आहे का? टी.सी.एल. पावडर गावात आहे की तालुक्याला? हे प्रश्न जुलैत विचारून उपयोग नाही. मे महिन्यात विचारायचे असतात.

गावाने सांगितलं होतं

तयारी म्हणजे केवळ साहित्य नव्हे, ऐकणंसुद्धा तयारीच आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण हे मातीचं लहान धरण. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसपेक्षा अधिक माणसं प्राणाला मुकली. धरणाला गळती आहे हे आम्ही आधीच सांगितलं होतं, असं गावकऱ्यांनी तेव्हा सांगितलं. ज्या गावाला रोज त्या बांधावरून जावं लागतं, त्याची तक्रार म्हणजे फुकटची पाहणी असते. ती ज्या कचेरीत जाते, तिथं तिच्यावर तारीख आणि उत्तर पडलं पाहिजे. आपल्या भागात पाझर तलाव आणि मातीचे बंधारे शेकड्यांनी आहेत. बांधावर झाडं वाढली असतील, खालच्या बाजूला ओल दिसत असेल, सांडव्यात माती साचली असेल तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी द्या, पोच घ्या, आणि ती पोच ग्रामपंचायतीत ठेवा.

मागितलं की हलतं, याचंही उदाहरण चिपळूणनेच दिलं. वाशिष्ठीच्या पात्रात वर्षानुवर्षं गाळ साचला होता. महापुरानंतर चिपळूण बचाव समितीने २०२१ च्या डिसेंबरात साखळी उपोषण केलं. लोक आळीपाळीने बसले. त्यानंतर नव्या वर्षात गाळ काढायचं काम सुरू झालं. गाळ काढला म्हणजे पूर कायमचा टळला असं कुणी समजू नये. भरतीची वेळ आणि डोंगरातला पाऊस आपल्या हातात नाही. पण जे सरकारच्या हातात होतं, ते लोकांनी महिना न महिना मागितल्यावर सुरू झालं, एवढं खरं.

आणि आपली बाजू

सरकारची जबाबदारी सांगितली. आता थोडं कडू लागेल, पण आपल्याच अंकात आपल्याविषयी बोललं पाहिजे.

हिशेब बघा. दोनशे माणसांची वाडी. माणशी २० लिटर म्हणजे दिवसाला ४ हजार लिटर. आपण एक एकर उसाला पाटाने तीन इंच पाणी दिलं तर ते होतं सुमारे ३ लाख लिटर. म्हणजे एका एकराची एक पाळी म्हणजे त्या वाडीचं अडीच महिन्यांचं पाणी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते सगळ्या देशाने पाहिलं. त्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. दोन एकरांच्या एका पाळीलाही ते पुरलं नसतं.

हे सांगण्याचा उद्देश ऊस लावू नका असा नाही. ऊस हा आपला संसार आहे. पण राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रमांक पहिला आहे आणि तो तसाच पाहिजे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन आणलं. पुढे भूजलाचा नवा कायदा झाला. हे बंधन चुकवून बोअर मारणारा शेतकरी गावाचा शत्रू नसतो, तो अडचणीतला माणूस असतो. पण त्याच्या बोअरने गावची विहीर आटली की टँकर मागायला तोच ठरावावर सही करतो, हेही आम्ही पाहिलं आहे. आपली विहीर टंचाईत अधिग्रहित झाली तर तिचा मोबदला मिळतो. तेव्हा नोटीस आली म्हणून रागावू नये. ठिबकवर जितका ऊस जाईल तितका हा ताण कमी होईल.

सभासदांनी काय करावं

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टंचाईचा विषय घ्या. वाडीवार लिहा. गावठाणाला पाणी आहे म्हणून वरच्या वस्तीचं नाव राहून जातं.

जानेवारीत विचारा : आपलं गाव आराखड्यात आलं का, कोणत्या उपायासाठी? ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे याची प्रत मागा.

मे महिन्यात पुराची यादी बघा : निवारा, होडी, जनरेटर, उंचावरची विहीर, टी.सी.एल. पावडर. गावात म्हातारी, आजारी, बाळंतीण बाई कुठल्या घरात आहे, ते दोघा-चौघा तरुणांना माहीत असू द्या.

पूर ओसरल्यावर विहीर उपसल्याशिवाय आणि पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. साध्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर आणि अर्धा तास थांबणं असं माप आहे. पुराच्या गढूळ पाण्याला जास्त लागते, म्हणून मात्रा आरोग्य कर्मचाऱ्याकडून ठरवून घ्या. तोवर पाणी उकळूनच प्या.

संकटात जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७ आणि राज्याचा १०७०. हे दोन आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

कारखान्याच्या पातळीवरही विचार व्हावा असं आम्हाला वाटतं. कारखान्याचे आणि वाहतूकदार सभासदांचे टँकर, ट्रॅक्टर, पंप यांची एक यादी मे महिन्यातच करून तहसील कचेरीत दिली, तर रात्री-बेरात्री शोधाशोध होणार नाही. हा विषय येत्या गटसभांत मांडावा.

शेवटी एवढंच. सरकारची जबाबदारी पुराच्या दिवशी सुरू होत नाही, ती ऑक्टोबरच्या कागदावर आणि मे महिन्याच्या यादीत सुरू होते. आपली जबाबदारीही त्याच दिवशी सुरू होते, तो कागद मागण्याची. कुंभार्लीच्या खाली ज्यांनी हे उशिरा शिकलं, त्यांनी त्याची मोठी किंमत मोजली. आपण घाटावर राहतो, पण नदी दोन्हीकडे तीच आहे.

आपल्या गावचा टंचाईचा किंवा पुराचा अनुभव, कोणता उपाय चालला आणि कोणता अडला, तो चार ओळींत लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावा. पुढच्या अंकांत त्याला जागा देऊ.